पन्नास पेट्या माती आणि एक शहर: व्हॅम्पायरच्या भटकंतीचा हिशेब

१७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो नावाच्या गावात पीटर ब्लागोयेविच हा शेतकरी वारला, आणि त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं दगावली. त्या भागाचा कारभार तेव्हा ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे सगळा प्रकार सरकारी अहवालात नोंदला गेला. त्यात एक बारीकशी गोष्ट आहे. मेलेला पीटर रात्री घरी आला आणि त्याने बायकोकडे आपल्या वहाणा मागितल्या. बायकोने धसका घेतला आणि गाव सोडून दुसऱ्या गावी निघून गेली. पीटर मात्र वहाणा मागूनही कुठेच गेला नाही. त्याच गावात, ओळखीपाळखीच्या लोकांनाच छळत राहिला. शेवटी गावकऱ्यांनी त्याला उकरून काढला, छातीत खुंटा ठोकला आणि जाळून टाकला.

लोककथेतला व्हॅम्पायर हा असा घरकोंबडा. गावाची वेस ओलांडायची त्याला गरजच पडत नाही.

कथा-कादंबऱ्यांतला व्हॅम्पायर पहिल्या दिवसापासून याच्या उलट वागतो. जॉन पोलिडोरी हा लॉर्ड बायरनचा खासगी डॉक्टर. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी भुताच्या गोष्टी लिहायची जी प्रसिद्ध पैज लागली, तिच्यातून त्याची व्हॅम्पायरकथा निघाली आणि १८१९ मध्ये छापली गेली. तिच्यातला लॉर्ड रुथवेन लंडनच्या बड्या घरांत मेजवान्या झोडतो आणि मग ऑब्री नावाच्या कोवळ्या पोराला सोबत घेऊन युरोप बघायला निघतो. ब्रसेल्सला पत्त्यांचा जुगार, मग रोम, पुढे ग्रीस. श्रीमंत इंग्रज तरुणांचा तेव्हाचा ठरलेला दौरा हाच. बायरनने त्याच पैजेत अर्धवट सोडलेल्या तुकड्यातला नायकही तुर्कस्तानात एफेससच्या अवशेषांकडे जाताना वाटेतल्या कबरस्तानात प्राण सोडतो, आणि रुथवेनला ग्रीसच्या दौऱ्यावर दरोडेखोरांची गोळी लागते. म्हणजे इंग्रजी गद्यकथेतले पहिले दोन्ही व्हॅम्पायर ‘मरतात’ ते पर्यटन करताना.

हे एकदा लक्षात घेतलं की व्हॅम्पायरचे नियम वेगळ्या नजरेने वाचता येतात. माती, ऊन, आमंत्रण, आरसा, वाहतं पाणी: भुताचे नियम म्हणून ते आचरट वाटतात. प्रवाशाच्या अडचणी म्हणून वाचले तर प्रत्येक नियमाला काम मिळतं. आणि ज्या लेखकाने या अडचणींचा हिशेब नीट मांडला, त्याचीच गोष्ट उभी राहते, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबात सगळ्यात पक्का माणूस ब्रॅम स्टोकर. स्टोकर नाटक कंपनीचा व्यवस्थापक होता. दौरे आखणं, सामान हलवणं, गाड्यांच्या वेळा जुळवणं हा त्याचा रोजचा धंदा. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त तो पानोपानी दिसतो. कादंबरी सुरू होते तीच गाडीच्या तक्रारीने: काउंट ड्रॅक्युलाला लंडनजवळ घर घ्यायचंय, त्या व्यवहारासाठी त्याच्या किल्ल्याकडे म्युनिकहून रात्री ८.३५ ला निघालेला इंग्रज वकील जोनाथन हार्कर लिहितो की व्हिएन्नाला सकाळी ६.४६ ला पोहोचायला हवं होतं, गाडी तासभर उशिरा आली. पुढे किल्ल्यात काउंटचं वाचनालय दिसतं. तिथे मंत्रतंत्राची पोथी नाही. लंडनची डिरेक्टरी आहे, व्हिटेकरचं वार्षिक पंचांग आहे, सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या आणि वकिलांच्या याद्या आहेत. एका संध्याकाळी तर काउंट कोचावर पडून ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक वाचताना सापडतो. भयकथेतला खलनायक आडवा पडून वेळापत्रक चाळतोय, हे चित्र मला त्याच्या सुळ्यांपेक्षा जास्त भीतिदायक वाटतं.

काउंटला हवंय काय, हेही तो मोकळेपणाने सांगतो. लंडनच्या गर्दीच्या रस्त्यांतून हिंडायचंय, त्या लोंढ्यात मिसळायचंय. आणि अट एकच: आपलं बोलणं ऐकून कुणी थबकून ‘हा परका दिसतोय’ म्हणता कामा नये. म्हणून तो हार्करला ठेवून घेतो आणि त्याच्याशी रात्र-रात्र गप्पा मारून उच्चार घोटून घेतो. घराच्या व्यवहाराचे कागद हे निमित्त. खरं काम भाषेच्या शिकवणीचं.

आता पेट्यांकडे येऊ, कारण खरा मालमसाला तिथेच आहे.

काउंटला विश्रांतीसाठी आपल्या भूमीतली माती लागते. म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या विंचवासारखीच त्याची गत. फक्त हे बिऱ्हाड अवजड आहे. माणूस आडवा मावेल अशी पेटी धरा: १.९ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, अर्धा मीटर खोल. मोकळी कोरडी माती घनमीटरला साधारण १,३०० किलो भरते. पेटी अर्धीच भरली तरी माती ३७० किलोच्या आसपास जाते. अशा पन्नास पेट्या म्हणजे अठरा टनांच्या वर माल. हे सामान आगगाडीच्या डब्यात आपल्याजवळ ठेवून नेता येत नाही, जहाजच लागतं. म्हणून काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरातून ‘डेमेटर’ ही शिडाची बोट ६ जुलैला निघते आणि ८ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर वादळात इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिटबीच्या धक्क्याला येऊन आदळते. तेहतीस दिवस. कागदोपत्री माल काय, तर वाळू आणि मातीच्या काही पेट्या.

व्हिटबीहून माल रेल्वेने लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात, तिथून कार्टर पॅटरसन या वाहतूक कंपनीच्या गाड्यांवरून पर्फ्लीटच्या कारफॅक्स वाड्यात. वाडा वीस एकरांचा, भोवती उंच दगडी भिंत. लपायला उत्तम, शहर हिंडायला मात्र गैरसोयीचा. पर्फ्लीट लंडनच्या मध्यातल्या पिकॅडिलीपासून सुमारे पंचवीस किलोमीटर पूर्वेला आहे. शेवटची गाडी चुकली तर घोडागाडीने एका बाजूला दोन तासांहून जास्त. व्हिटबीला तो उतरला तेव्हा ऑगस्टचा मध्य जवळ आलेला, आणि त्या दिवसांत लंडनची रात्र जेमतेम नऊ-साडेनऊ तासांची. त्यातले चार-साडेचार तास येण्याजाण्यात गेले तर शहर बघायचं कधी?

उपाय अर्थातच मुक्काम वाटून टाकण्याचा. मग पेट्या अशा फुटतात: सहा माईल एंड न्यू टाउनमधल्या चिकसँड स्ट्रीटला, सहा बर्मंडसीच्या जमैका लेनला, नऊ पिकॅडिलीतल्या घरात, आणि एकोणतीस कारफॅक्सलाच. बेरीज बरोबर पन्नास. नकाशा समोर ठेवून बघा, म्हणजे डाव कळतो. चिकसँड स्ट्रीट थेम्सच्या उत्तर तीरावर, गरीब आणि दाट वस्तीचा पूर्व भाग, जिथे परक्या चेहऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. पिकॅडिली म्हणजे श्रीमंत पश्चिम. बर्मंडसी नदीपलीकडे दक्षिणेला. कादंबरीतही हार्कर नुसत्या पत्त्यांवरून ताडतो की उत्तर आणि पश्चिम भागही या माणसाने मोकळे सोडलेले नसणार.

बर्मंडसीच्या पेट्या हा माझ्या मते सगळ्यात हुशार तपशील आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. काउंटला वाहतं पाणी हवं तेव्हा ओलांडता येत नाही. भरती पूर्ण असताना किंवा पाणी थबकलेलं असतानाच येतं. थेम्सला लंडनमध्ये समुद्राची भरती-ओहोटी लागते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं, आणि पाणी थबकण्याचा वेळ थोडका. म्हणजे नदी ओलांडायची मुभा रात्रीतून एक-दोनदाच, तीही रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकणारी. दक्षिण तीरावर एखाद्या रात्री अडकला तर? तिथे मुक्कामाची सोय हवीच. दुसऱ्या कुणी उचलून नेलं तर मात्र पाणी आड येत नाही, त्यामुळे हमालांना पैसे देऊन पेट्या आधीच पलीकडे पोचवलेल्या.

योजना इतकी चोख असूनही काउंट बुडतो, तो पावत्यांमुळे. प्रत्येक पेटी कुणाच्या तरी वहीत नोंदलेली आहे. हार्कर व्हिटबीच्या वकिलाकडून सुरुवात करतो, स्टेशनातल्या लोकांना भेटतो, मग कार्टर पॅटरसनच्या कचेरीत, मग एकेका हमालाकडे. हमालांना बिअर पाजली की पत्ते बाहेर येतात. पिकॅडिलीच्या पेट्या वाहणारा ब्लॉक्सम सांगतो, की मी धापा टाकत माझी बाजू उचलत होतो आणि तो म्हातारा आपली बाजू चहाच्या पुडक्यासारखी उचलत होता. इथे काउंटची दुसरी चूक: स्वतः हात लावला. शक्ती दिसली, चेहरा लक्षात राहिला. पुढे एका दिवसात एकोणपन्नास पेट्या निकामी होतात. उरलेल्या एकीतून त्याला आल्या वाटेने परत पळावं लागतं.

आणि त्या पाठलागातही जिंकतं ते वेळापत्रकच. काउंटचं जहाज ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंडनहून सुटतं आणि २८ तारखेला डॅन्यूबवरच्या गलात्झ बंदरात लागतं. पाठलाग करणारे १२ ऑक्टोबरच्या सकाळी निघून पॅरिसला ओरिएंट एक्स्प्रेस पकडतात आणि १५ तारखेला वार्नात हजर. गाड्यांच्या वेळा मीना हार्करला पाठ असतात. नवऱ्याच्या सोयीसाठी ती घरी वेळापत्रकं बनवायची. ब्रॅडशॉ वाचणाऱ्या काउंटला नडते ती गाड्यांच्या वेळा पाठ असलेली बाई.

या धावपळीत काउंट शहर किती बघतो? थोडंच, पण दिसतो तेव्हा अस्सल पर्यटक दिसतो. एकदा प्राणिसंग्रहालयात, हातात पांढरे मऊ कातड्याचे मोजे घालून, लांडग्याच्या पिंजऱ्यापाशी रखवालदाराशी गप्पा मारत. एकदा भर दिवसा पिकॅडिलीत, जवाहिऱ्याच्या दुकानाबाहेर थांबलेल्या बग्गीतल्या तरुणीकडे एकटक बघत. इतका गुंग, की ओळखीची माणसं शेजारून चाललीत याचाही पत्ता नाही. आणि शेवटी गोदीवर, नखशिखांत काळ्या कपड्यांत, डोक्यावर मात्र गवती हॅट, जी ना त्याला शोभत होती ना त्या ऋतूला. परक्या शहरात स्थानिक दिसायचा आटापिटा केला की नेमकी हॅट चुकते.

‘भर दिवसा’ वाचून कुणी दचकलं असेल तर सांगतो: या कादंबरीतला ड्रॅक्युला उन्हाने मरत नाही. दिवसा त्याच्या शक्ती कमी होतात. रूप बदलायचं तर सूर्योदय, मध्यान्ह किंवा सूर्यास्ताच्या क्षणीच बदलता येतं. उन्हाने व्हॅम्पायरचा नाश होण्याची गोष्ट रुळली ती १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटापासून. त्यातला काउंट ऑर्लोक आपली शवपेटी स्वतःच काखेत मारून ओसाड रस्त्यांतून नव्या घराकडे जातो; हमाल नाही, पावती नाही. चित्रपटवाल्यांनी मात्र कादंबरीचे हक्क न घेताच काम केलं होतं. स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो बघायला मिळतो.

ऊन प्राणघातक ठरलं आणि व्हॅम्पायरच्या प्रवासाचं गणित पार बदललं. आता पहिला प्रश्न, शहर कुठल्या अक्षांशावर आहे? विषुववृत्ताजवळ बारमाही बारा तासांची रात्र: भरवशाची, पण जास्त कधीच मिळत नाही. न्यू ऑर्लिन्स तीस अंशांवर, रात्र दहा तासांपासून पावणेचौदा तासांपर्यंत. कायमच्या बिऱ्हाडाला हे फार सोयीचं, आणि अ‍ॅन राईसने १९७६ मध्ये आपल्या कादंबरीतली व्हॅम्पायर मंडळी तिथे बसवली, त्याची कारणं वेगळी असली तरी ती निवड गणितात बसते. लंडनला जूनमध्ये जेमतेम साडेसात तास, डिसेंबरात सोळाच्या वर. स्टॉकहोमला जूनमध्ये सव्वापाच-साडेपाच तास, आणि तेही धड काळोखाचे नाहीत, कारण सूर्य क्षितिजाखाली फक्त सात अंश जातो आणि संधिप्रकाश रात्रभर रेंगाळतो. यॉन आय्विदे लिंडक्विस्टच्या २००४ च्या स्वीडिश कादंबरीत व्हॅम्पायर स्टॉकहोमच्या ब्लॅकबेर्ग उपनगरात राहायला येते ती ऑक्टोबर १९८१ मध्ये. रात्र तेव्हा चौदा तासांवर पोचलेली आणि रोज वाढती. मे महिन्यात हीच गोष्ट घडवायची म्हटली तर पहिल्या आठवड्यातच फसली असती.

या हिशेबाचं टोक म्हणजे २००२ ची ‘थर्टी डेज ऑफ नाइट’ ही चित्रकथा. अलास्काच्या उत्तर टोकाच्या बॅरो गावी (आजचं नाव उत्किआग्विक) हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, तेव्हा व्हॅम्पायरांची टोळी सहलीला यावी तशी येते. हंगाम बघून बुकिंग केल्यासारखं. प्रत्यक्षात तिथली अखंड रात्र साधारण पासष्ट दिवसांची, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत; कथेत तीसच घेतलेत. उलट टोकाला ‘ट्वायलाइट’: स्टेफनी मेयरने वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स निवडलं ते तिथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून. तिथल्या व्हॅम्पायरांना ऊन मारत नाही, नुसतं उघडं पाडतं, त्यामुळे ढगांवर भागतं.

विमान आलं की पेट्यांचा प्रश्न आणखी बिकट होतो. सामानाची नेहमीची मर्यादा २३ किलो. त्यात माती मावते ती सोळा-सतरा लिटर, म्हणजे फार तर उशी भरेल इतकी. शिवाय पिकांचे रोग पसरतात म्हणून बहुतेक देश परवान्याशिवाय माती आत येऊ देत नाहीत. कस्टमच्या टेबलावर सापडली की संपलं. आधुनिक कथांनी मातीचा नियम गुपचूप सोडून दिला त्यात नवल नाही.

राहिलं ऊन. यात दिशा सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक लेखक नेमके इथेच घसरतात. पृथ्वीचा पृष्ठभाग विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने फिरतो, साठ अंशांवर ८३५ ने. प्रवासी विमान उडतं ताशी ९०० च्या आसपास. म्हणजे साठ अंशांवर पश्चिमेकडे उडणारं विमान रात्रीबरोबर चालतं, किंबहुना तिच्या किंचित पुढेच. पश्चिमेला जाताना रात्र ताणली जाते, पूर्वेला येताना आखडते. डिसेंबरात लंडनहून संध्याकाळी सहाला निघा. आठ तासांनी न्यूयॉर्कला उतराल तेव्हा तिथे रात्रीचे नऊ, अख्खी रात्र हातात. परतीला न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला निघून सात तासांनी लंडनला उतरलात तर तिथे सकाळचे सात. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो, त्यामुळे तासभर मिळतो, तोही पासपोर्टच्या रांगेत जाणार. जूनमध्ये सूर्य पावणेपाचलाच वर आलेला असतो. खेळ खलास.

शिवाय अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज खाली जातं, त्यामुळे मध्यम अक्षांशांवर सूर्य जमिनीपेक्षा वीसेक मिनिटं आधी दिसतो. पंचांगातली वेळ विमानात चालत नाही. आणि उड्डाण व उतरताना बऱ्याच विमान कंपन्या खिडक्यांची झापडं उघडायला लावतात. तेव्हा मधल्या रांगेतली जागा घ्यावी, खिडकीची कधीच नाही. जिम जार्मुशच्या २०१३ च्या ‘ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह’ या चित्रपटात ईव्ह टँजिअरहून डेट्रॉइटला नवऱ्याकडे जाते, तेव्हा फोनवर फक्त रात्रीची विमानं मागून घेते, आणि तिचा प्रवास बहुतांशी पश्चिमेकडे आहे. पासपोर्टवरची नावं गाजलेल्या कादंबऱ्यांतल्या पात्रांची. तिकिटाचा हा छोटा प्रसंग व्हॅम्पायरच्या म्हातारपणाबद्दल, दमणुकीबद्दल लांबलचक संवादांपेक्षा जास्त सांगून जातो.

आमंत्रणाचा नियमही शहरातच खरा रंगतो. घरातल्या कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. एकदा म्हटलं की पुढे मुक्तद्वार. गावात याचा अर्थ दारोदार भीक मागणं. शहरात मात्र अशा जागांची रेलचेल आहे ज्या कुणाच्याच घरात मोडत नाहीत: रस्ता, स्टेशन, पूल, बाग, नाट्यगृह. म्हणून चित्रपटांतला व्हॅम्पायर सारखा नाटकाला जातो. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’तला बेला लुगोसी धुक्यातून चालत फूलवालीचा बळी घेतो आणि थेट संगीताच्या कार्यक्रमाला जाऊन बसतो. घर नसलेल्याला शहराने दिलेली बैठकीची खोली म्हणजे थिएटर.

पण क्लबच्या दारावर पहिलवान उभा असेल तर? २०१४ च्या ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ या वेलिंग्टनमध्ये घडणाऱ्या विनोदी चित्रपटात शेकडो वर्षांचे व्हॅम्पायर नटूनथटून रात्री बाहेर पडतात आणि पबच्या दारात अडतात, कारण दारावरच्या माणसाने तोंडाने ‘आत या’ म्हणायला हवं. विनोद खरा आहे, कारण नियमाला धरून आहे. ब्लॅकबेर्गच्या गोष्टीत तोच नियम अंगावर काटा आणतो: आमंत्रणाविना आत आलेल्या एलीच्या, म्हणजे त्या व्हॅम्पायरच्या, अंगातून रक्त झिरपू लागतं.

आता प्रत्यक्ष चालणं. इथे लेखकाची खरी कसोटी, आणि बहुतेकांचा निकाल वाईट. सगळ्यात कंटाळवाणी खोड म्हणजे ‘अमुक प्रसिद्ध माणूस माझा मित्र होता’ ही यादी. चारशे वर्षं जगलेल्याने शहराकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला हवं, थोरामोठ्यांची नावं फेकायला नको. पॅरिस घ्या. १८५० साली ते सोडून गेलेला व्हॅम्पायर १८७० ला परतला तर मधल्या काळात शहराची फेररचना करणाऱ्या ओस्मान या अधिकाऱ्याने गल्ल्या पाडून रुंद सरळ रस्ते काढलेत; अंधारी बोळं गेली आणि रस्तोरस्ती गॅसचे दिवे आले. त्याच्या पायांना आठवणारे शॉर्टकट आता भिंतीवर आपटतात. किंवा लंडनची फ्लीट नदी. शहराच्या मध्यातला तिचा भाग अठराव्या शतकात झाकला आणि आज ती रस्त्याखालच्या गटारातून वाहते. फॅरिंग्डन स्ट्रीट ओलांडणाऱ्या व्हॅम्पायरला वाहत्या पाण्याचा नियम लागू होतो का? कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.

चांगली उदाहरणं मोजकी. राईसच्या पहिल्या कादंबरीत लुई आणि क्लॉडिया आपलं मूळ शोधायला पूर्व युरोपात जातात, म्हणजे पूर्वजांचं गाव बघायला जाणाऱ्या पर्यटकांसारखेच, आणि तिथे त्यांना भेटतात ती बुद्धी नसलेली, चालती कुजकी प्रेतं. शहरी व्हॅम्पायरची किसिल्येवोच्या पीटरशी गाठ पडते आणि बोलायला काही सापडत नाही. तिथून दोघं पॅरिस गाठतात. १९९४ च्या चित्रपटात याच लुईला शंभराहून जास्त वर्षांनंतर सूर्योदय बघायला मिळतो तो सिनेमागृहात. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रपटांत मुर्नाऊचा १९२७ चा ‘सनराइज’ आहे, आणि ‘नोस्फेराटू’ही त्याच दिग्दर्शकाचा. ज्याने व्हॅम्पायरला ऊन बंद केलं त्यानेच ते पडद्यावर परत दिलं. याहून नेमका संदर्भ शोधूनही मिळायचा नाही.

ॲना लिली अमीरपूरच्या २०१४ च्या काळ्या-पांढऱ्या फारसी चित्रपटात ‘बॅड सिटी’ नावाच्या काल्पनिक इराणी गावात चादोर पांघरलेली मुलगी रात्री एकटी हिंडते. चित्रण झालंय कॅलिफोर्नियात. एरवी रात्री एकट्या हिंडणाऱ्या बाईने घाबरायचं असतं. इथे तिला बघून पुरुष रस्ता बदलतात. ती स्केटबोर्डवरून उतारावरून घरंगळत जाते तेव्हा चादोर मागे पंखांसारखी फुगते. ना धुकं, ना वटवाघूळ, तरी काम फत्ते.

व्हॅम्पायरला बघायला जाणाऱ्या खऱ्या पर्यटकांचं थोडक्यात: स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलाच नाही, त्याने पुस्तकांवर भागवलं. ‘ड्रॅक्युलाचा किल्ला’ म्हणून दाखवतात त्या ब्रानचा कादंबरीशी थेट संबंध नाही. काउंटचा किल्ला बोर्गो खिंडीजवळ आहे, आणि तिथे १९८३ मध्ये किल्ल्याच्या घाटाचं हॉटेल बांधलं गेलं. अस्सल जागा बघायची तर व्हिटबीला जा. स्टोकर १८९० मध्ये तिथे खरंच सुट्टीवर होता, आणि सेंट मेरी चर्चकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या आजही चढता येतात.

शेवटचा मुद्दा पोटाचा, कारण शहर निवडायचं खरं कारण तेच. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. रक्तदानात एका वेळी साडेचारशे मिलिलिटरच्या आसपास घेतात आणि अमेरिकेत दोन दानांत किमान ५६ दिवसांचं अंतर ठेवायला लावतात. जीव न घेता रोज एवढंच पिणाऱ्या व्हॅम्पायरला आलटून पालटून किमान छप्पन्न माणसं लागतील. दोनशे वस्तीच्या गावात तिसऱ्या आठवड्यात बोभाटा होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पन्नास लाखांच्या वर गेलेल्या लंडनमध्ये कुणाला पत्ताही लागणार नाही. काउंटला हे गणित कळत असावं, पण त्याने ते पाळलं नाही. मीनाची मैत्रीण लूसी वेस्टेनरा हिच्याकडे तो पुन्हा-पुन्हा गेला. तिला चार जणांनी चार वेळा रक्त दिलं, तरी ती वाचली नाही. आणि मेल्यानंतर लूसी स्वतः व्हॅम्पायर झाली ती हॅम्पस्टेडच्या माळरानावरच पोरं पळवत राहिली, आपल्याच वस्तीत, रोज. काही दिवसांत वर्तमानपत्रात छापून आलं.

जार्मुशच्या जोडप्याने हा प्रश्न पैशांनी सोडवलेला असतो. डेट्रॉइटमध्ये ॲडम रात्री इस्पितळात जाऊन एका डॉक्टरकडून रोख देऊन शुद्ध रक्त घेतो, टँजिअरमध्ये ईव्हचा पुरवठा तिच्या जुन्या मित्राकडून येतो. दोन्ही शहरांत माणूस एकेकच. डेट्रॉइट घाईघाईने सोडावं लागतं आणि टँजिअरला पोचल्यावर कळतं की तिथलं रक्त दूषित निघालंय, मित्र अंथरुणाला खिळलाय. हातात पैसे आहेत पण विकणारा नाही. रात्र सरत आलेली, अंगात त्राण नाही, आणि समोर चौकात एक तरुण जोडपं बसलेलं.